फाइलमधला जयराम

पाथर्डी फाटा, नाशिक.
खोली नंबर सात, खिडकीकडची खाट.
मंगळवार, दुपारचा चहा येण्याआधी.

श्री. धनराजराव यांस,

जयरामचा साष्टांग नमस्कार. यातला साष्टांग मानापुरता धरावा, कारण कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायला डॉक्टरांनी मला बंदी घातली आहे. (देवापुढेसुद्धा नाही. मी विचारून घेतलं.) त्यामुळे वॉकर धरून उभ्या उभ्या नामपूरच्या दिशेला मान लववली आहे, ती पोचती समजावी. तुमचं बीपी, सरुताईंचे गुडघे आणि यंदाचा कांदा हे तिघं कसे आहेत? चिरंजीव दीपक आता आडतीवर बसतो असं कानावर आलं. बरं झालं. तुम्हाला आता मोकळा वेळ भरपूर मिळत असेल, हे वाक्य मी सहजच लिहीत आहे.

फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. (म्हणणार नाही. सात वर्षांत तुम्ही मला काहीच म्हणालेला नाहीत. पण पत्र लिहायचं तर समोरच्याला काहीतरी म्हणायला लावावं लागतं.) फोन तुम्ही उचलला नसता. पत्राचं तसं नसतं. फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी वाचतो.

तर हकिगत अशी. जेलरोडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी महिनाभर वाहत होती. सगळे म्हणत होते प्लंबर बोलवा. पण ज्या माणसानं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, त्याला पाणी का वाहतं हे दुसऱ्याकडून कळणं बरं दिसत नाही. मी स्टूल घेतलं, चढलो, झाकण उघडलं, टाकीचा बॉल हातानं उचलून पाहिला, आणि त्यानंतर जे पाहिलं ते आभाळ होतं. पडल्या पडल्या दोन गोष्टी मला समजल्या. एक, टाकीचा बॉल ठीक होता, वायसर गेला होता. दोन, माझा ठीक नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाडाचा गोळा काढून धातूचा बसवला, आणि मयूरनं (पुण्याहून आला, चार दिवस राहिला, बिचाऱ्याच्या लॅपटॉपला क्षणाची उसंत नव्हती) मला इथं आणून सोडलं. नर्सिंग आणि पुनर्वसन केंद्र म्हणतात याला. दवाखान्यातून सोडलेली पण घरी जाण्याइतकी नीट न झालेली माणसं इथं आणून चालती करतात. आज माझा चोविसावा दिवस आहे.

आता मुद्द्याचं. येत्या शनिवारी नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा वाजता माझ्याबद्दल इथं बैठक आहे. डॉक्टर, सिस्टर, व्यायाम घेणारी स्नेहल, आणि फोनवर मयूर. त्यात ठरणार की मी घरी जायचं, का दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर कायमचे राहणारे असतात. मी लिफ्टनं जाऊन तो बघून आलोय. (कोणी सांगितलं नव्हतं. पण वर काय आहे हे न बघता खाली राहवत नाही, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.) वाईट अजिबात नाही. कॅरम आहे, मोठा टीव्ही आहे, वाढदिवसाला बिनसाखरेचा केक असतो. फक्त एक गोष्ट डोळ्यात राहिली. तिथल्या माणसांच्या बाहेर जायच्या चपला दाराशी नाहीत, पिशवीत घालून कपाटात वरच्या खणात ठेवल्यात. धनराजराव, मला माझ्या घरी जायचं आहे. बाकी काही नको.

पण तुम्हाला इथल्या व्यवस्थेची माहिती देतो, कारण ती मी फार कष्टानं मिळवली आहे. प्रत्येक खाटेला एक लाल बटण आहे. ते दाबलं की कोणीतरी येतं. किती वेळात येतं, याची मी पहिला आठवडा वहीत नोंद ठेवली. सकाळी नऊला चाळीस सेकंद. दुपारी दीडला, म्हणजे त्यांच्या डब्याच्या वेळेला, नऊ मिनिटं. पाऊस आला की अकरा, कारण सगळे गच्चीवर चादरी काढायला धावतात. सहाव्या दिवशी सिस्टर आल्या, वही पाहिली, आणि हात जोडून म्हणाल्या की बाबा, काम असेल तेव्हाच दाबा. मी म्हटलं, काम नसताना दाबल्याशिवाय काम असताना किती वेळ लागेल ते कळणार कसं? त्यांनी वही मिटून माझ्या उशाशी ठेवली. पण दुसऱ्या दिवसापासून डब्याला सगळ्या एकदम न जाता दोघी-दोघी जायला लागल्या, आणि दीडची नऊ मिनिटं चारवर आली. श्रेय मला कोणी दिलं नाही. द्यायची पद्धत कुठंच नसते.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचे पुंजाजी आहेत. डावं अंग गेलंय. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देतात आणि भिंतीवरच्या कागदावर डावी, उजवी, पाठ असं लिहून सही करतात. का, म्हणून मी विचारलं. एकाच कुशीवर माणूस पडून राहिला की खालून जखम होते. कांदाचाळीतला कांदा खालून कसा सडतो हे तुम्हाला सांगायला नको. मला हे फार आवडलं. दोन तास म्हणजे दोन तास. एकदा दहा मिनिटं उशीर झाला तर मीच बटण दाबलं. (काम होतं तेव्हाच दाबलं.) पुंजाजी मात्र झोपेतून जागे झाले आणि मला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, ते आशीर्वाद नसावेत.

आणि इथं टाळ्या फार. खाटेवरून उठलो, टाळ्या. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आलो, टाळ्या. एकटा संडासला जाऊन आलो तेव्हा तर तिघी मिळून. अहो, दोनशे दहा मेगावॅटचा बंद पडलेला संच आम्ही चार तासांत परत चालू केला होता, तेव्हा साहेबानं चहासुद्धा पाजला नव्हता.

आता माझ्या हातून झालेला घोटाळा सांगतो. पहिल्या दिवशी एक मुलगी फॉर्म घेऊन बसली. जेवणखाण, झोप, दुखणं, घरची माणसं, सगळं विचारलं. आता मला सांगा, परक्या माणसानं कसं काय विचारलं तर आपल्याकडे काय सांगतात? बरं आहे म्हणतात. कोणी रडगाणं लावत नाही. दुखतंय का? छे, बरं आहे. जेवण कसं वाटलं? (दुधी होता.) उत्तम. झोप? छान. घरी सांभाळायला कोण कोण? आता इथं काय सांगायचं? मुलगा पुण्याला, सून ज्योत्स्ना तिच्या नोकरीत आणि नातीच्या शाळेत, बायको सविता जाऊन तीन वर्षं झाली, असं उंबऱ्यातच सांगून मोकळं व्हायचं? मी म्हटलं, देवाच्या दयेनं भरलं घर आहे. ती लिहीत गेली. मला वाटलं बोलण्यातलं बोलणं, संपलं. या लोकांची पद्धत अशी की तुम्ही जे बोललात ते खरं धरून चालतात!

पुढचे सतरा दिवस मला दुधी आला. भाजी, कोशिंबीर, एकदा तर दुधीचं सूप. माझ्या ताटाबरोबर चिठ्ठी यायची, त्यावर पेशंटला आवडतो असं लिहिलेलं. दुखण्याची गोळी कमी केली, कारण दुखतच नव्हतं. स्नेहल रोज विचारायची, दुखणं दहापैकी किती? मी म्हटलं, आधी दहा म्हणजे काय ते ठरव. मीटरचं टोक कुठं आहे ते माहीत नसेल तर काटा वाचायचा कसा? ती म्हणाली, आजवरचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे दहा. आजवरचं माझं सगळ्यात मोठं दुखणं खुब्यात झालेलं नाही. त्या हिशेबानं मी दोन सांगितले. दोन ऐकून तिनं मला दुप्पट चालवलं. पुंजाजी मात्र कायम दहा सांगतात. त्यांना गरम पाण्याची पिशवी मिळते, हळू चालवतात, आणि दुधी कधीही येत नाही. मी त्यांना खासगीत विचारलं की खरं किती असतं? ते म्हणाले, दहा. मी म्हटलं, रोज? ते म्हणाले, रोज. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

शेवटी कुसाबाईंनी पकडलं. या पेठकडच्या मावशी, अंघोळ, कपडे, चालताना हात धरणं हे सगळं बघतात. एके सकाळी मला उठवताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तोंड म्हनतं बरं हाय, नि हात तं खाट सोडंना. कुनाचं खरं धरू?" मी माझ्या हाताकडे बघितलं. खाटेची दांडी मी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मला एकदम रडू आलं हो. साठीच्या वर नऊ वर्षं झालेला माणूस, टॉवेल गुंडाळून, पेठच्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तिनं रडू दिलं. टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या दिवशी मी स्वतःची फाइल मिळवली. (देत नाहीत. पण खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली असते आणि वॉकरच्या पायानं ओढता येते.) आणि काय सांगू, फाइलमधला जयराम कोणी वेगळाच निघाला. त्याला दुखत नाही, त्याला गाढ झोप लागते, दुधीवर त्याचा जीव आहे, घर माणसांनी भरलेलं आहे. वाचताना मला त्याच्याबद्दल फार कुतूहल वाटलं. कुठं राहत असेल हा? संध्याकाळी याच्याशी गप्पा मारायला कोण येत असेल? एकलहऱ्याला माझ्या हाताखालच्या पोरांनी न बघता रीडिंग भरलं की मी त्यांचं जिणं हराम करायचो. आणि इथं चोवीसातले अठरा दिवस मीच बसल्या जागी भरलं होतं.

मग सिस्टर आणि स्नेहलला बोलावून सगळं खरं सांगितलं. दुखणं सात, उतरताना आठ. झोप तीन तास. दुधी आयुष्यात परत नको. आणि घर रिकामं आहे. पहिल्या तीन गोष्टींची सोय त्याच दिवशी झाली. गोळीची वेळ बदलली, व्यायामाआधी अर्धा तास देतात, ताटात गिलके आले, झोप आली. खरं सांगितल्यानं एवढं होतं हे मला आधी कोणी बोललं असतं तर! इथल्या लोकांना नावं ठेवायला जागा नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो. विचारतात, ऐकतात, आणि त्याप्रमाणे करतात. आपल्याला सांगता येत नाही, त्याला ते काय करणार.

पण चौथ्या गोष्टीनं घात केला. घर रिकामं, असं फाइलमध्ये चढलं आणि दुसऱ्या मजल्याचा विषय निघाला. नियम असा की घरी सोडायचं तर पहिले सहा आठवडे जवळ एक घरचा माणूस पाहिजे, आणि त्या माणसाला इथं दोन दिवस शिकवून तयार करतात. कमरेला पट्टा बांधून मला कसं उठवायचं, जिन्यावर कोणत्या बाजूला उभं राहायचं, पडलो तर काय करायचं आणि काय करायचं नाही. त्याची स्नेहल परीक्षा घेते. (भरलं घर आहे असं मी सांगितलं होतं तेव्हा तिनं कौतुकानं सहा जणांना पाठवा म्हटलं होतं.) मयूर म्हणतो, बाबा पुण्याला चला. चौदावा मजला आहे. दिवसभर घरात मी आणि बोलणारं वॉशिंग मशीन. ते काम झालं की गाणं म्हणतं. पगारी माणूस ठेवू म्हणतो, पण नियमात घरचा माणूस असं लिहिलंय. माझ्या बाजूनं मी तयार आहे. इथं हॉलच्या मधोमध चार पायऱ्यांचा लाकडी जिना आहे, तो कुठंच जात नाही. चढायचं आणि पलीकडून उतरायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. माझ्या घराला अठरा पायऱ्या, म्हणून मी तो जिना ओळीनं पाच वेळा चढतो, म्हणजे वर दोन शिल्लक.

विषय निघालाच आहे तर सात वर्षांपूर्वीच्या सटाण्याच्या लग्नाचंही लिहून टाकतो. आपल्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न, जावयांचा मान, आणि माइकवाल्यानं तुमच्याआधी माझं नाव पुकारलं. थोरले जावई तुम्ही. मी बसून राहायला हवं होतं, आधी धनराजराव असं म्हणायला हवं होतं. पण नाव पुकारलं की उठायची मला सवय, आणि खरं सांगायचं तर फेटा गुलाबी होता आणि मला आवडला होता. तुम्ही न जेवता भरल्या ताटावरून उठून सरुताईंना घेऊन गेलात. सविता मला तीनदा म्हणाली, नामपूरला जाऊन माफी मागून या. मी म्हटलं, चूक माइकवाल्याची. ती गेली तेव्हा तुम्ही रामकुंडावर आलात. पिंडाला कावळा शिवत नव्हता. पाऊण तास झाला. मयूरनं हात जोडले, मी जोडले, नाही म्हणजे नाही. मग तुम्ही पुढं झालात, काहीतरी पुटपुटलात, आणि कावळा उतरला. तुम्ही माझ्याशी न बोलता निघून गेलात. काय कबूल केलंत तुम्ही तिला? मला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची खोड, पण हे तीन वर्षांत विचारायची हिंमत झाली नाही. चूक माझीच होती, धनराजराव. माइकवाला निर्दोष आहे.

असो. चहा आला. हे पत्र निव्वळ खुशाली कळवण्यापुरतं आहे, मागणं काही नाही. सरुताईंना नमस्कार, दीपकला आशीर्वाद, आणि तुम्हाला पुन्हा एकदा काटकोनात बसेल एवढा वाकून.

तुमचा,
जयराम

ता. क. : निव्वळ खुशालीचं, हे खरं नाही. घरचा माणूस म्हणून मी तुमचं नाव दिलं आहे. विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. शिकवणी त्या बैठकीच्या आधीच्या गुरुवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाला. सटाण्याहून एसटी पकडा, नाशकात द्वारकेच्या चौकात उतरा, तिथून रिक्षा. सैल पायजमा आणा, धोतर पट्ट्यात अडकतं असं स्नेहल म्हणते. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून याच पत्राची नक्कल सरुताईंच्या नावानं वेगळी टाकली आहे, तेव्हा मिळालं नाही असं सांगायची सोय राहिलेली नाही.

आणखी एक : तुम्हीच का, असं वाटेल. तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, तुमचंही बीपी. पण इथं गेले चोवीस दिवस प्रत्येक माणूस माझ्याशी गोड बोलतोय. बाबा छान, बाबा शाब्बास. माझ्या चालण्याला तोंडावर नावं ठेवील, टाकीवर चढल्याबद्दल यथेच्छ शिव्या घालील, आणि तरी हात सोडणार नाही, असा माणूस मी बराच वेळ आठवत होतो. सविता होती. तिच्यानंतर तुम्हीच सापडलात. सात वर्षांच्या शिव्या तुमच्याकडे साठलेल्या असतील. सहा आठवडे पुरतील.

शेवटचं : फॉर्मवर नात्याचा रकाना आहे. त्यात मुलगा, मुलगी, पती, पत्नी, भाऊ, बहीण आणि इतर, एवढेच चौकोन छापलेत. साडूला चौकोन नाही. सिस्टर म्हणाल्या, इतर वर खूण करा. मी पेन घेतलं आणि भाऊवर केली. तुम्हाला हे मान्य नसेल तर खोडता येतं, पण त्यासाठी ज्याचं नाव आहे त्यानं स्वतः इथं येऊन सही करावी लागते.